नानांच्या खडूची फुली

आमच्या मंडळात डबे कमी आणि किस्से जास्त तयार होतात. मला एक मालडबा बनवायला तीन-चार महिने लागतात. तेवढ्यात त्या डब्यावरून चार किस्से होऊन जातात, आणि डबा मोडला तरी किस्सा शाबूत राहतो! मला रोज वही लिहायची सवय आहे. कुठला डबा कशाचा केला, कोणता डिंक लावला, किती दिवस वाळवला, सगळं त्यात असतं. परवा वही चाळली, तर डिंकाबद्दल चार ओळी आणि त्या दिवशी कोण काय बोललं याबद्दल दोन पानं. म्हटलं, डब्यांचं व्हायचं ते होवो, किस्से तरी एका रुळावर लावून ठेवू.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. खऱ्या मालगाडीचे डबे सत्त्याऐंशी पट लहान करून बनवतो. चाकं तेवढी विकतची, बाकी सगळं हातानं. मोठ्या शहरात यासाठी खास प्लास्टिकचे पत्रे मिळतात म्हणे. नंदुरबारात मिरची मिळते. त्यामुळे आमचा निम्मा जन्म ‘डबा कशाचा करायचा’ याच प्रश्नात गेला.

आमचे म्होरके नाना. रेल्वेत मालडबे तपासायची त्यांची नोकरी होती. यार्डात गाडी उभी राहिली की डब्याच्या अंगावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, खोट दिसली की खडूनं फुली! फुलीचा डबा ‘सिक’. तो गाडीतून तोडून सिक लाइनीत, म्हणजे आजारी डब्यांच्या रुळावर, नेऊन ठेवायचा. नाना रिटायर झाले, खडू झाला नाही. आमचे चार बोटं उंचीचे डबेही ते तसेच तपासतात. हातोडीच्या जागी चहाचा चमचा, एवढाच फरक.

त्यांचं घर रुळाला लागून आहे. ओट्यावर आमची बैठक चाललेली असते, समोरून मालगाडी जाते, नाना बोलणं थांबवून ऐकतात आणि शेवटचा डबा गेला की म्हणतात, “मधला एक चाकले चपटा पडेल शे.” गाडी चिंचपाड्याकडे निघून गेलेली असते, पण नानांना चैन पडत नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. “बिगर खोटना डबा अजून जन्माले येवाना शे.” खोट सापडली आणि चालण्यासारखी असली, तर “फिट!” चालण्यासारखी नसली, तर फुली. फिट डबे काचेच्या कपाटात. सिक डबे खालच्या फळीवर.

चार वर्षांत नानांनी तीन डबे फिट केले. त्यातला माझा एकही नाही. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, मिलिमीटरच्या खाली मोजायची सवय असलेला माणूस. आणि खालची जवळजवळ अख्खी फळी माझी! मला फार काही नको होतं. एक डबा, फक्त एक, नानांच्या तोंडून ‘फिट’ व्हावा. एवढ्यासाठी मी काय काय केलं, ते आता ऐका.

*

पहिला डबा लग्नपत्रिकांचा. खानदेशात पत्रिकांचा गठ्ठा नाही असं घर दाखवा! जाड, गुळगुळीत, ब्लेडनं सरळ कापला जाणारा कागद. दोन-दोन पत्रिका एकमेकींवर चिकटवून उघड्या डब्याच्या भिंती केल्या, मधोमध दारं कापली. आतून रंग द्यायचा राहिला होता.

एका सकाळी सुनीता, म्हणजे माझी पत्नी, ठेवणीतली साडी नेसून उभी. “अहो, रनाळ्याच्या लग्नाची पत्रिका कुठाय? कार्यालय कोणतं ते बघायचंय.”

मी वहीत तोंड खुपसलं.

“अहो, तुमच्याशी बोलतेय!”

मी डबा आणून तिच्या हातात दिला. तिनं टॉर्च लावून आत पाहिलं. डाव्या भिंतीवर वरपिता होते, उजव्या भिंतीवर कार्यालय होतं. वारही होता. तारखेच्या जागी मात्र दार होतं.

“रविवार म्हणजे आजचाच असणार,” मी म्हणालो.

रनाळ्याला पोचलो तेव्हा कार्यालयापुढे मांडववाले उरलेसुरले खांब उपटत होते. लग्न मागच्या रविवारी लागलं होतं! नवरीचा बाप भला माणूस. त्यानं आम्हाला घरी नेऊन चहा पाजला आणि वर विचारलं, “रस्ता चुकनात का?”

घरी आल्यावर सुनीता एवढंच म्हणाली, “पुढच्या डब्याला दार दुसरीकडे ठेवा.”

पावसाळ्यात तो डबा दमट हवेनं फुगला. नानांनी चमचा मारला. आवाजच आला नाही. “पोट सुटनं याले,” ते म्हणाले आणि फुली मारली. मंडळातली माझी पहिली फुली.

*

रनाळ्याचाच भटूदादा आमच्यात आहे. मिरची आणि कापूस लावतो. सकाळी पेरलं की संध्याकाळी उगवलं पाहिजे, असा स्वभाव. मी मिलिमीटर मोजत असतो तोवर याचा डबा रंगवून तयार!

एकदा तो फलकाचा मोठा तुकडा घेऊन आला. चौकात कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक लागला होता. वाढदिवस उलटून दोन महिने झाले, वाऱ्यानं फलक पडला, यानं उचलला. फोमचा बोर्ड, कापायला लोण्यासारखा, ओलीनं फुगत नाही.

मी म्हटलं, “भटूदादा, यावर स्प्रे मारू नकोस. थिनर लागला की हे विरघळतं.”

“मारी टाकं!” म्हणजे मारून झालाही होता.

पहिला डबा दुधावरची साय आक्रसावी तसा आक्रसला. दुसऱ्याला त्यानं घराच्या भिंतीचा उरलेला डिस्टेंपर फासला. मी म्हटलं, हा सुटेल. तो म्हणाला, “सुटू दे ना, भो. तू काय त्याले धरी बठशी?”

मे महिना आला. मे महिन्यात नंदुरबारात काय सुटत नाही! डिस्टेंपरचे पापुद्रे निघाले आणि डब्याच्या एका अंगावर अर्धी मिशी उगवली. खाली ‘शुभेच्छु’ एवढी अक्षरं.

नेमका त्याच रविवारी भाऊंचा एक कार्यकर्ता कसलं तरी निमंत्रण द्यायला नानांकडे आला. त्याची नजर टेबलावर गेली. तो वाकला.

“नाना, ही आमना भाऊसनी मिशी शे ना?”

मी मनात माफीचं वाक्य जुळवत होतो. भटूदादा म्हणाला, “मंग! भाऊसनं नाव देशभर फिराले पाहिजे, म्हनीसन मालगाडीले लायेल शे!”

कार्यकर्त्याचे डोळे पाणावले. त्यानं डब्यासोबत फोटो काढला आणि जाताना भटूदादाला नमस्कार केला. आम्हाला नाही.

तो गेल्यावर नानांनी चमचा उचलला, डब्यावर मारला, भिंगातून सगळा फिरवून पाहिला.

“वाकत नही, फुगत नही,” नाना म्हणाले. “रंग बदलस. पन तो काही डबाना दोष नही. फिट!”

मी घरी येऊन वहीत फक्त तारीख लिहिली. पुढे लिहवेना.

*

चौथा सायमन. नवापूरजवळच्या डोंगरातल्या गावचा सुतार. रविवारी चर्च आटोपून दुपारच्या गाडीनं येतो. घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोलतो आणि आमच्याशी शाळेतल्या पुस्तकासारखी मराठी. विचारलं तेवढंच उत्तर देतो, एक शब्द वर नाही.

त्यानं जुन्या लाकडी धाटणीचा बंद डबा बांबूच्या काड्यांचा केला. सागाची शीर एवढ्याशा डब्यावर दोरखंडासारखी जाड दिसते. झाड काही सत्त्याऐंशी पट लहान होत नाही. बांबूची शीर मात्र केसासारखी. नाना म्हणाले, “दार जरासं जड शे. चाली जाई. फिट.”

मी सायमनला काडीची जाडी विचारली. त्यानं सांगितली. मी बाजारातून बांबू आणला, तीन महिने चिरला, तासला, घासला. बोटांना इतकी कुसळं टोचली की शाळेत परीक्षानळी धरवेना. डबा उभा राहिला तेव्हा सुनीतासुद्धा म्हणाली, “छान दिसतोय हो.” सुनीता डब्याबद्दल असं बोलत नाही.

पण रोज सकाळी डब्याखाली पिवळी भुकटी दिसायची. मला वाटलं, घासल्याची राहिली असेल. पुसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वहीत सात दिवस लागोपाठ लिहिलंय : ‘भुकटी पुसली.’

रविवारी नानांनी चमचा मारला. थबकले. डबा उचलून कानाला लावला. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावला.

“दिलीप, आत कोन शे?”

“कोण असणार?”

“कोनी तरी शे. जेवन करी ऱ्हायना.”

सायमननं डबा हातात घेऊन शांतपणे विचारलं, “बांबू कधी तोडलेला होता?”

“मला काय माहीत? बाजारातून आणला.”

“आमच्याकडे चांदण्याच्या पंधरवड्यात बांबू तोडत नाहीत. अमावास्येच्या आसपास तोडतात. नाहीतर भुंगा लागतो.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही जाडी विचारली होती. मी जाडी सांगितली.”

तोवर नानांचा खडू बाहेर आला होता. “मालडबामा पॅसेंजर बसाडाले मनाई शे. सिक!”

*

सायमनचा दुसरा डबा ब्रेक व्हॅन, गाडीच्या शेवटी गार्ड बसतो तो. त्याच्या खिडक्यांना काच कशाची लावायची? सायमननं भटूदादाकडून जुनी एक्स-रे फिल्म मागून घेतली, गरम पाण्यात धुतली, स्वच्छ झाली. एक खिडकी मात्र नीट धुतली गेली नाही.

नानांनी भिंग लावलं, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “गार्डना गुडघा गयेल शे. पन बठेल कामच शे त्यान्हं. फिट.”

भटूदादा आजही ती ब्रेक व्हॅन पाहिली की गुडघा चोळतो.

*

आता टाकीचा डबा. तेल वाहून नेणारा, लांब नळकांड्यासारखा. त्याची गोलाई कशातून काढायची यावर मी सहा महिने घातले. औषधाच्या बाटल्या मोजल्या, नळाचे तुकडे मोजले, सुनीताचं लाटणं मोजलं. (“हात लावून तर बघा!” असं ती म्हणाली, म्हणून मोजण्यावरच थांबलो.)

एक दिवस वीज गेली. टॉर्च पेटेना. मागचं झाकण उघडलं, दोन मोठे सेल हातात घरंगळले, आणि मी अंधारातच ओरडलो. सुनीता धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

दोन सेल एकापुढे एक ठेवले की टाकी तयार! गोलाई बरोबर, लांबी बरोबर, आणि मुख्य म्हणजे वजन. आमचे डबे हलके, वळणावर उडतात. हा डबा रुळावर हत्तीसारखा बसला. वर पातळ पत्रा गुंडाळला, घुमट बसवला, छत्रीच्या काड्यांची शिडी केली. यावेळी नक्की, असं वहीत लिहून खाली रेघसुद्धा ओढली.

रविवारी नानांनी डबा उचलला. खालून बोटाला काहीतरी चिकट लागलं. टाकीच्या बरोबर मधोमध, जिथे खऱ्या डब्याला तोटी असते, तिथून पांढरट पाझर येत होता.

नाना इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. “भटू, सायमन, आठे या! देखा! मन्ही अख्खी नोकरी गळत्या टाक्या देखाम्हा गयी. बराबर आठेंगच गळस! याले म्हनतस कारागिरी! गळती बी स्केलमा!”

मी आशेनं विचारलं, “मग फिट?”

“गळती टाकी फिट?” नाना एकदम गंभीर झाले. “नोकरी घालाडशी का मन्ही?”

फुली.

याच्यात मला जास्त लागलं ते वेगळंच. दर वर्षी शाळेत मी मुलांना सांगतो, वापरलेले सेल उपकरणात ठेवू नका, उन्हाळ्यात फुटतात. फळ्यावर लिहून देतो. अक्षरही चांगलं आहे माझं.

*

वजनावरून आठवलं. उघड्या डब्यात माल काय भरायचा? खरे डबे तांबडं लोहखनिज नेतात. भटूदादा घरच्या मिरचीची पूड घेऊन आला. “रंग देख! दाना देख! वजन बी भेटस.”

खरंच, हुबेहूब दिसत होतं. पाच डबे भरले, नानांच्या बैठकीतल्या गोल रुळावर गाडी सोडली. उकडत होतं म्हणून सायमननं पंखा लावला.

पुढचा अर्धा तास आम्ही चौघं अंगणात होतो. नळ एकच. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, “नाना, फोडणी जयी का?”

डोळ्यांतून धारा, नाकाला उपरणं, तशा अवस्थेत नाना आत गेले, चाचपडत पाचही डब्यांवर फुल्या मारून बाहेर आले. म्हणाले, “ताडपत्री नव्हती.”

पाचांपैकी तीन माझे होते. माल भटूदादाचा, पंखा सायमनचा, फुली माझ्या डब्यांना!

*

मग एका रविवारी नानांनीच सांगितलं. मुलगा सुरतेला असतो, तो न्यायला येणार. एकट्यानं राहू देत नाही. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. “दोन महिना शेत अजून,” ते म्हणाले, आणि समोरून जाणारी मालगाडी ऐकत बसले.

भटूदादा घरी जाताना मला म्हणाला, “दिलीप, तुन्हाकडे एकच डबा उरना.”

मला ते वेगळं सांगायची गरज नव्हती. मी रस्त्यातच हिशेब केला होता. दोन महिन्यांत फार तर एक.

आता खेळ नको, योग्य तेच सामान वापरायचं, असं ठरवून मी मोठ्या शहरातल्या दुकानातून ते खास पांढरं प्लास्टिक मागवलं. सात पातळ पत्रे. त्या वेळी मी परीक्षेच्या कामावर धडगावला होतो, म्हणून पत्ता तिथला दिला. पार्सल यायच्या आदल्या दिवशी मला परत बोलावलं. तिथल्या शिपायानं फोनवर सांगितलं, “सर, काळजी करू नका. जीपवाल्याबरोबर पाठवतो. माझा माणूस आहे.”

मी नंदुरबारच्या स्टँडवर दोन तास उभा. जीप आली. आतून माणसं उतरली, मग टपावरची उतरली, मग कोंबड्या. पार्सल नाही.

“पार्सल?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“हे काय,” तो म्हणाला, आणि समोरच्या काचेकडे बोट केलं.

घाटात तोंडावर ऊन येत होतं. यानं पार्सल फोडलं, तर आत पांढरा पुठ्ठा! सातच्या सात पत्रे काचेला टेकवून उभे केलेले. वर म्हणतो, “चांगला आहे सर पुठ्ठा, उजेड येतो पण ऊन येत नाही. अजून मागवाल तेव्हा सांगा.”

भर मे महिना, बंद काच, अख्खा सातपुडा उतरून आलेले ते पत्रे. सगळे कमानीसारखे वाकले होते, एकसारखे. मी घरी आणून वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबले, इस्त्री लांबून फिरवली. सरळ व्हायचं नाव नाही.

रविवारी सायमननं एक पत्रा उचलला, बंद डब्याच्या नकाशावर धरला. दुसराही धरून पाहिला. मग म्हणाला, “छताची गोलाई बरोबर आहे.”

मोजलं. खरोखर बरोबर होती! सात डब्यांची छतं तयार झाली. भिंत एकाचीही नाही.

*

शेवटी भिंती मला ज्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापतात तिथे मिळाल्या. छपाई झाली की त्यांच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या टाकून देतात. सपाट, कात्रीनं कापल्या जाणाऱ्या. ओलीनं फुगत नाहीत, उन्हानं वाकत नाहीत, भुंगा खात नाही. चार वर्षं मी छापलेला कागद घरी आणत होतो आणि छापणारा पत्रा तिथेच पडून होता! माझंच डोकं मला आपटून घ्यावंसं वाटलं. सुनीतानं पत्रा पाहिला आणि विचारलं, “तारीख वाचून घेतलीत ना आधी?”

दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं पत्र्याच्या मागून एकेक रिव्हेट उठवला. एक वेडावाकडा आला की अख्खी भिंत टाकून दुसरी. तीन भिंती अशा गेल्या. छत धडगावच्या घाटातलं. खालच्या सळ्या छत्रीच्या काड्यांच्या. पोटात वजनाला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं. रंग चार हात, प्रत्येक हात पातळ, प्रत्येक हातानंतर दोन दिवस थांबून.

शेवटचा रविवार. नानांचं घर रिकामं झालेलं. मुलगा आत पेट्यांना दोऱ्या बांधत होता. काचेचं कपाट उघडून नानांनी फिट डबे ज्याचे त्याला दिले. खालच्या फळीवरचे माझे, एका बुटांच्या खोक्यात घालून माझ्या मांडीवर ठेवले. ओट्यावर एक स्टूल उरलं होतं, त्यावर नाना बसले.

“कर उभी गाडी.”

मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

नानांनी चमचा मारला. टण्ण. दुसऱ्या अंगाला मारला. टण्ण. भिंग घेतलं. एकेक रिव्हेट पाहिला. दारं उघडली, लावली. डबा उलटा केला, चाकं फिरवली, थांबेपर्यंत थांबले. कानाला लावला. बोटानं छत चाचपलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

समोरून मालगाडी आली. लांबलचक, भरलेली. अख्खी गाडी धडधडत निघून गेली आणि नानांनी मान वर केली नाही.

मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि डब्यावर फुली मारली.

मी चार वर्षांत एकदाही आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी उभा राहिलो, खोकं मांडीवरून पडलं, डबे ओट्यावर पसरले. “नाना, आता हद्द झाली! दोन तास बघताय तुम्ही! हा वाकत नाही, गळत नाही, आत कुणी बसलेलं नाही! काय खोट आहे याच्यात? खोट सांगा, मगच जा सुरतेला!”

आतून मुलगा दोरी हातात घेऊन दाराशी आला. सायमन ओट्यावरचे डबे वेचू लागला.

नानांनी उपरण्यानं भिंग पुसलं. मग तेच उपरणं डब्याभोवती दोनदा गुंडाळलं आणि डबा आपल्या हातातल्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी, उभा ठेवला.

“अहो, तो सिक डबा आहे ना? मग ठेवा इकडे! सिक लाइन माझ्याकडे आहे!”

नाना माझ्याकडे बघून वैतागले. खरोखर वैतागले.

“खोट सापडनी नही रे! म्हनीसन त संगे लई जाई ऱ्हायनू!”